शटरला खोबरेल नको

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतले एक काका जुना यशिका मॅट १२४जी पिशवीत घालून आले. दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून बघायचा, १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणारा कॅमेरा. म्हणाले, "शटर अडकत होता, म्हणान दोन थेंब खोबरेल घातलंय. चार दिस बरा चालला, आता परत तसाच." वेंगुर्ल्यात दाराची बिजागरी करकरली की तेल आणि शिलाई मशीन जड झालं की तेल, त्यामुळे काकांचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पण या कॅमेऱ्यातल्या शटरची पाती कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असतात. तिथे तेल म्हणजे रोग, आणि हा रोग होतो कसा हे समजून घेण्यासारखं आहे.

शटर म्हणजे फिल्मवर क्षणभरच प्रकाश सोडणारं दार. भिंगाच्या दोन भागांच्या मधोमध कागदासारखी पातळ पोलादी पाती एकमेकांवर चढून बसलेली असतात. बटण दाबलं की स्प्रिंग त्यांना झटक्यात उघडते आणि मिटते. १/५०० च्या, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या वेगाला हा सगळा खेळ सुमारे दोन मिलिसेकंदांत उरकतो.

आता दोन पात्यांमध्ये तेलाचा थर आहे असं धरा. एक पातं दुसऱ्यावरून सरकताना मधल्या तेलाच्या थरांना एकमेकांवरून घसरावं लागतं आणि ते विरोध करतात. द्रवाच्या या गुणाला श्यानता म्हणतात. विरोधाचं बळ पात्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतं. थर जितका पातळ, तितका विरोध जास्त. खोबरेलाची श्यानता पाण्याच्या साधारण पन्नास पट. पाती एक चौरस सेंटिमीटर एकमेकांवर आली आहेत, थर पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आहे आणि वेग सेकंदाला एक मीटर आहे असं धरून गणित केलं, तर बळ येतं जवळजवळ एक न्यूटन. म्हणजे शंभर ग्रॅमचं वजन, तेही ग्रॅमभरसुद्धा न भरणाऱ्या पात्यावर! तेच पातं काडीने सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने ढकललं तर विरोध शंभरपट कमी, एका ग्रॅमएवढा. हाताला काही जाणवतच नाही. 'ढकलून बघितलं, मोकळं आहे' असं सांगणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. जानेवारीत सकाळी न्हाणीघरातली बाटली जशी उन्हात ठेवावी लागते, तसाच तो कॅमेराही ठेवावा लागेल.

काकांनी थेंब सोडले होते बाजूच्या चाकांवर, मग पात्यांमध्ये तेल पोचलं कसं? समईत तेल वातीतून वर चढतं, तसंच. केशाकर्षण द्रवाला रुंद फटीतून अरुंद फटीकडे ओढतं, कारण फट जितकी अरुंद तितका आतल्या द्रवाचा दाब कमी. शटरमधली सगळ्यात अरुंद फट असते ती दोन पात्यांमधली. तेल कुठेही घाला, काही दिवसांत ते तिथे जाऊन बसतं. घड्याळजींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घड्याळातल्या चाकांचे आस ज्यांत फिरतात त्या खड्यांच्या भोकाभोवती वाटीसारखी खोलगट जागा असते. तिथली फट आसाजवळ सर्वात अरुंद होत जाते, म्हणून थेंब आसालाच धरून राहतो. तेल पसरू नये म्हणून भागांवर एक अदृश्य लेपही देतात. त्या लेपावर तेल गोळा होऊन बसतं, अळूच्या पानावर पाणी बसतं तसं. शटरमध्ये संथ वेगांसाठी जी दातेरी चाकं असतात, तेवढ्याच चाकांच्या आसांना सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल लावावं.

आपल्या किनाऱ्यावर त्यात भर मिठाची. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे कण तेलकट पोलादाला चिकटतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि आपला पावसाळा या आकड्याच्या खाली क्वचितच येतो. स्वयंपाकघरातल्या बरणीला सुटणारं पाणी तेच. मग गंज आलाच.

आम्ही पुढचं भिंग रबरी बूच दाबून, उलटं फिरवून काढलं. वेढे मोजून लिहून ठेवले. लायटरमध्ये भरतात ते पेट्रोल कापसाच्या काडीने मिटलेल्या पात्यांवर लावलं, शटर दहा वेळा मारलं, कोरड्या काडीने टिपलं. पहिली काडी पिवळसर निघाली आणि तिला खवट वास होता. एकदा पुसून भागत नाही. पेट्रोल तेलाला पातळ करून पसरवतं आणि स्वतः उडून जातं, तेल तिथेच राहतं. आम्ही हे सात वेळा केलं. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, गॅस बंद होता आणि देवघरातला दिवा विझवला होता. हे विसरू नका. मागच्या झाकणातला प्रकाश अडवणारा स्पंज दमट हवेने डांबरासारखा झाला होता, तो खरवडून खाचेत काळी लोकर बसवली.

जाता जाता बुरशीबद्दल. बुरशी लागलेलं भिंग शेजारी ठेवलं की साथ पसरते, ही समजूत सोडून द्या. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना हवा असतो दमटपणा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरल्याने पीठच आत जातं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरे.

वेग मोजायला मोबाइलचा सेकंदाला २४० चौकटींचा संथ व्हिडिओ चालतो. एक चौकट म्हणजे ४.२ मिलिसेकंद. १/३० च्या वेगाला शटर आठ चौकटी उघडं दिसायला हवं. सफाईआधी एकतीस दिसली होती. इतका जास्त प्रकाश पडला की निगेटिव्ह नको तितकी गडद होते. चौथ्या सफाईनंतर बारा, सातव्यानंतर आठ. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजलं, कारण उरलेलं तेल रात्रीतून परत फटीत जमतं. तरीही आठच.