टॅरो: पत्त्यांच्या डावातून डायरीपर्यंत

ठाण्यात हल्ली टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, विषय निघाला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे, दुसरा म्हणतो सगळी अंधश्रद्धा. पण ही पानं आली कुठून ते माहीत असलं ना, की भीतीही जाते आणि उगाचची भक्तीही.

ती आली उत्तर इटलीतून, 1440 च्या आसपास. मिलान, फेरारा, फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घराण्यांत पत्ते खेळायचे, तेव्हा प्याले, तलवारी, नाणी आणि काठ्या अशा चार रंगांच्या 56 पानांना 22 चित्रांची पानं जोडली गेली, त्यातली 21 कायमची हुकमाची. म्हणजे चक्क हात करायचा खेळ, आपल्या मेंढीकोटच्या जातीचा. आज ज्या ‘डेथ’च्या पानाला लोक एवढे घाबरतात ते तेव्हा एक हुकमाचं पान होतं, बस. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात टॅरोचा खेळ अजून खेळतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यावर दशावतार रंगवलेले असतात, गोल 120 पानं, तो पण खेळच.

इजिप्तचं प्रकरण 1781 चं. पॅरिसच्या कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने लिहून टाकलं की हे इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे, पुरावा काहीच नाही, आणि इजिप्तची चित्रलिपी तर तेव्हा कोणाला वाचताच येत नव्हती, शाँपोल्यॉंने ती उलगडली 1822 मध्ये! पण गोष्ट लोकांना आवडली, मग एतेला नावाच्या माणसाने खास भविष्य सांगायला वेगळा संच काढला, आणि तिथून हा धंदा झाला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 1909. लंडनमध्ये आर्थर वेट या गूढविद्येवर लिहिणाऱ्या लेखकाने पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीकडून पूर्ण संच काढून घेतला. त्याआधी बहुतेक संचांत पाच प्याल्यांच्या पानावर नुसते पाच प्याले असायचे. हिने काय केलं, काळा झगा घातलेला एक माणूस मान खाली घालून उभा, समोर तीन प्याले सांडलेले, आणि पाठीमागे दोन सरळ उभे, जे त्याला दिसतच नाहीयेत. हे चित्र बघून ज्याचं त्याला काहीतरी आठवतंच, कोणाला गेलेली नोकरी, कोणाला तुटलेलं लग्न, आणि कधीकधी ते मागचे दोन प्यालेसुद्धा. आजचा टॅरोचा भावनिक वापर बराचसा या बाईच्या चित्रांवर उभा आहे, आणि तिला त्याचे पैसे किती मिळाले तर अगदी थोडे, तसं तिने स्वतः पत्रात लिहिलंय. 1951 मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये हलाखीत गेली. कितीतरी वर्षं संचाच्या नावात प्रकाशक रायडर आणि वेट, हिचं नाव गायब, याचा मला खरंच राग येतो. पानांवर बारीक सही मात्र आहे तिची, बघा नीट.

स्वतःचं मन वाचायला टॅरो हा प्रकार अगदी अलीकडचा. मेरी ग्रीयर या टॅरोवर लिहिणाऱ्या लेखिकेचं 1984 चं पुस्तक यात मोठं, की दुसऱ्याकडे जायचं नाही, आपलं पान आपण काढायचं, वहीत लिहायचं. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावायची पद्धत मानसशास्त्रात 1935 पासून आहे, पण ती तज्ज्ञांच्या हातात असते, टॅरो म्हणजे टेस्ट नाही. आणि ‘अगदी माझंच सांगितलं’ असं का वाटतं तेही 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय, वर्गातल्या सगळ्यांना ‘हा तुझा स्वभाव’ म्हणून एकच मोघम वर्णन दिलं तर ते किती खरं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले.

ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, त्या कामाने मनाबद्दल उघड बोलायची सवय इथे लागली असं मी मानते. त्याचा टॅरोशी संबंध नाही, पण सकाळी एक पान काढून ‘यात मला आज काय दिसतंय’ एवढंच लिहिणाऱ्या बायका मला इथे भेटतात ना, त्यांच्यात भविष्याची हाव जवळजवळ नसते. खराब पान आलं म्हणून उपायाचे पैसे मागणारा भेटला तर सरळ उठून यावं. आणि झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर पानं बाजूला ठेवून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.