साँगरायटरचे गायक होणे (कंट्री संगीत)

अमेरिकी कंट्री संगीतात, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून वाढलेल्या लोकप्रिय गाण्यांच्या प्रकारात, वर्षानुवर्षे इतरांसाठी गाणी रचणारे काही जण उशिरा स्वतःच्या आवाजात अल्बम काढतात. मराठीत शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे कंट्री संगीताचे केंद्र; तिथला साँगरायटर ही दोन्ही कामे करतो, बहुधा एखाद्या जोडीदाराबरोबर बसून. शहरातल्या म्युझिक रो भागातील प्रकाशन कंपन्या त्याला आगाऊ रक्कम देतात आणि पुढे ती रॉयल्टीतून वळती करून घेतात. तयार गाण्याचा डेमो, म्हणजे नमुन्याचे ध्वनिमुद्रण, नामवंत गायकांकडे जातो. डेमोत पुष्कळदा रचनाकारच गातो. त्यामुळे त्याचा गळा धंद्यातल्या माणसांना चांगला ठाऊक असतो; श्रोत्यांपर्यंत तो पोचलेला नसतो.

पडद्यामागे राहण्यात तोटा नाही. अमेरिकेत आकाशवाणी केंद्रावर गाणे वाजले की रचनाकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात, गायकाला मिळत नाहीत. एक गाजलेले गाणे घर चालवते. दौऱ्यांची दगदग करावी लागत नाही. तरीही काहींना आपले गाणे आपणच गावेसे वाटते, आणि ही ओढ पैशाच्या हिशेबात बसणारी नाही.

विली नेल्सन यांचे ‘क्रेझी’ १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन यांनी आणि ‘हॅलो वॉल्स’ त्याच वर्षी फॅरन यंग यांनी गाजवले. नेल्सन यांचा पहिला अल्बम १९६२ चा. पण तालाच्या मागेपुढे रेंगाळणारी त्यांची गायकी नॅशव्हिलच्या व्हायोलिन-कोरसच्या गुळगुळीत साच्यात बसेना. ते टेक्सासला परतले. १९७५ च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये वाद्ये मोजकीच ठेवली, आणि गायक म्हणून त्यांचे गाणे पहिल्यांदाच लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत अव्वल आले. ते गाणे मात्र फ्रेड रोझ यांचे होते!

क्रिस स्टेपलटन यांच्या बाबतीतही हेच घडले. केंटकीचे स्टेपलटन २००१ मध्ये नॅशव्हिलला आले आणि जॉश टर्नर, केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट यांच्यासाठी गाणी रचत राहिले. ‘ट्रॅव्हलर’ हा पहिला एकल अल्बम मे २०१५ मध्ये आला, तेव्हा त्यांनी सदतिशी गाठली होती. नोव्हेंबरमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनच्या (सीएमए) पुरस्कार सोहळ्यात त्यांनी जस्टिन टिंबरलेक यांच्यासह ‘टेनेसी व्हिस्की’ गायले, आणि अल्बम थेट बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या लोकप्रियता यादीच्या शिखरावर गेला. हे गाणे डीन डिलन व लिंडा हारग्रोव्ह यांनी रचलेले. डिलन यांनीही स्वतःच्या आवाजात अल्बम काढले होते. पण लोकांनी त्यांची गाणी मनात साठवली ती जॉर्ज स्ट्रेट यांच्या गळ्यातून.