छातीतील जळजळ : आहार आणि दिनक्रम

जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे चढल्यामुळे छातीच्या मधल्या हाडामागे होणारी आग म्हणजे जळजळ. ती बहुधा जेवणानंतर सुरू होते आणि वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते. आंबट ढेकर, घशाशी येणे, तोंडाला पाणी सुटणे ही तिची सोबतीण लक्षणे. क्वचित होणारी जळजळ हा आजार नव्हे. ती वारंवार होऊन त्रास देऊ लागली किंवा तिच्यामुळे अन्ननलिकेला इजा झाली, तर वैद्यकात तिला जठर-अन्ननलिका प्रतिवाह विकार म्हणतात.

मराठी घरांत या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘पित्त’. त्यात डोकेदुखी, मळमळ आणि अंगावर उठणाऱ्या गांधीही जमा होतात. शरीरशास्त्रातले पित्त मात्र यकृतात तयार होते आणि लहान आतड्यात उतरते. जळजळीत वर येते ते मुख्यतः जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. आयुर्वेदात काश्यपसंहिता आणि माधवनिदान या ग्रंथांत ‘अम्लपित्त’ स्वतंत्र व्याधी म्हणून येते. माधवनिदानातील ऊर्ध्वग म्हणजे वरच्या दिशेने जाणाऱ्या अम्लपित्ताचे वर्णन जळजळीशी बरेच जुळते, तरी दोन्ही संज्ञा सरसकट एक धरू नयेत.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची ३-४ सेंटिमीटर लांबीची झडप असते आणि छाती आणि पोट यांमधल्या स्नायूंच्या पडद्याचा, म्हणजे मध्यपटलाचा, तिला बाहेरून आधार असतो. घास गिळताना ती उघडते, मग मिटते. पोट तट्ट फुगले की ती अधूनमधून घास गिळलेला नसतानाही सैल पडते. ढेकर याच वाटेने येतो आणि त्याच्या मागोमाग आम्लही. बहुतेक रुग्णांत आम्ल नेहमीइतकेच तयार होत असते. ते नको तिथे पोचते, एवढेच. म्हणून काय खाल्ले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, किती खाल्ले आणि त्यानंतर शरीर कसे ठेवले याला महत्त्व आहे. पथ्याच्या लांबलचक याद्यांत हे हरवून जाते.

रात्रीचे जेवण आणि झोप यांत २ ते ३ तासांचे अंतर, हा सर्वांत साधा उपाय. साडेदहाला जेवून अकराला अंथरुणावर पडणाऱ्याने तिखट सोडले तरी फारसा फरक पडत नाही. रात्री त्रास होणाऱ्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. उशांची चळत उपयोगाची नाही. तिने मान आणि पोट दुमडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो.

कुशीलाही अर्थ आहे. डाव्या कुशीवर झोपल्यास जठरातील आम्लाचे तळे झडपेच्या पातळीखाली राहते आणि वर आलेले आम्ल लवकर खाली जाते. उजव्या कुशीवर नेमके उलटे घडते. दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर लवंडणे म्हणजेच वामकुक्षी. अर्थात जळजळ असलेल्याने जेवल्याबरोबर तीही टाळावी. शतपावली अधिक बरी, पण ती रमतगमत. भरल्या पोटी धावणे किंवा वजने उचलणे नको.

आहारात तेलकट-तुपकट पदार्थ जठरात जास्त वेळ रेंगाळतात. चॉकलेट, मद्य आणि पुदिना झडप सैल करतात, त्यामुळे जेवणानंतरची पेपरमिंटची गोळी काहींना महागात पडते. चहा-कॉफी, मिरची, कच्चा कांदा, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळे यांचा त्रास माणसागणिक वेगळा असतो. सगळे एकदम बंद करण्यापेक्षा दोन-तीन आठवडे खाण्याची नोंद ठेवून आपला शत्रू ओळखावा. आमसूल पित्तावर उतारा मानले जाते आणि गांधींवर लावण्याचीही रीत आहे, पण अन्ननलिका आधीच सोललेली असेल तर सोलकढीचा आंबटपणाही झोंबतो. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते; नंतर त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम आम्लस्राव वाढवतात.

उपवासाचे गणित तर गमतीचेच. सकाळपासून रिकाम्या पोटी तीन-चार कप चहा, मग शेंगदाण्याचे कूट आणि तुपाने जड झालेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे तळलेले काप. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची जळजळ ठाऊक असावी.

वजन जास्त असल्यास ते कमी करण्याचा लाभ सर्वांत ठोस आहे, कारण पोटाच्या घेरातील चरबी जठरावर दाब आणते. घट्ट पट्टा किंवा परकराची करकचून बांधलेली नाडीही तेच करते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे झडप सैलावते आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो. प्रसूतीनंतर हा त्रास बहुधा थांबतो. धूम्रपानाने झडप ढिली पडते, शिवाय आम्ल धुऊन काढणारी लाळही कमी होते. रक्तदाबावरची काही औषधे आणि वेदनाशामके जळजळ वाढवतात. ती परस्पर न थांबवता डॉक्टरांना विचारावे.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल ही आम्लस्राव रोखणारी औषधे बाजारात येईपर्यंत पथ्य आणि सोड्यासारखी आम्लनाशके हाच मुख्य आधार होता. नव्या गोळ्या आम्ल घटवतात, झडप मात्र घट्ट करत नाहीत. म्हणून गोळी चालू असतानाही वरील सवयी सुटत नाहीत.

गिळताना घास अडकणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय थांबवून तपासणी करावी. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दम लागत असेल, घाम फुटत असेल, तर तिला पित्त समजून सोडा पीत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.