वेन्स्कॉट खुर्ची

सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये घडवली जाणारी, ओकच्या लाकडाची, भरीव पाठीची हातखुर्ची. तिथल्या जुन्या जमीनदारी वाड्यांच्या संग्रहांत ती हमखास आढळते. चौकटीत बसवलेली फळी हीच तिची पाठ. बैठकही सपाट फळीचीच, त्यामुळे गादीशिवाय तिच्यावर फार वेळ बसवत नाही.

त्या काळी खुर्ची मानाची होती. घरधनी खुर्चीत बसे, बाकीची मंडळी स्टुलांवर आणि बाकांवर. डर्बीशरमधील हार्डविक हॉलच्या सामानाची १६०१ साली यादी झाली; एवढ्या श्रीमंत घरातही खुर्च्या मोजक्याच आणि स्टुले पुष्कळ, असे तीत दिसते.

तिची खरी करामत सांध्यांत आहे. ओकचा ओंडका ओला असतानाच पाचरी ठोकून उभा फोडत. अशी फळी सहसा वाकत नाही आणि तिच्यावर चमकदार रुपेरी पट्टे उमटतात. एका लाकडात खाच पाडून दुसऱ्याचे कोरलेले टोक तीत बसवत आणि आरपार लाकडी खुंटी ठोकत. दोन्ही लाकडांतली भोके मुद्दाम किंचित सरकवून पाडलेली असत, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आपोआप आवळला जाई. खिळा नाही, सरस नाही. पाठीची फळी मात्र चौकटीत मोकळीच ठेवत. हवेनुसार ती फुगली-आकसली तरी तडकत नसे.

१६६० नंतर वेताने विणलेल्या अक्रोडी खुर्च्यांची चलती झाली आणि ओक मागे पडला. एकोणिसाव्या शतकात जुन्याची आवड परतली, तशी साध्या पाठींवर नव्याने नक्षी कोरली जाऊ लागली. कंब्रियातील टाउनएंड या शेतकरी ब्राउन घराण्याच्या घरात तर जॉर्ज ब्राउन यांनी स्वतःच पुष्कळ कोरीव काम केले. म्हणून पाठीवर कोरलेल्या सालावर विसंबू नये. खुर्ची उलटी करून बघावी: बैठकीखालच्या हत्यारांच्या खुणा, हातांनी गुळगुळीत झालेल्या कडा, पाय ठेवून झिजलेली पुढची आडवी पट्टी. ही झीज नक्षीपेक्षा जास्त भरवशाची.

ब्रिटनमधील जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वाड्यांत पाहुण्यांनी बसू नये म्हणून अशा खुर्च्यांवर पाइनची वाळलेली फळे किंवा काटेरी बोंडे ठेवतात.