अर्धा फोटो करडा का होतो?

मेमरी कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले, एकेक उघडून बघायला सुरुवात केली आणि मध्येच एक असा निघाला, की वरचा अर्धा भाग लख्ख आणि खाली नुसता सपाट करडा रंग. बहुतेक जण कॅमेऱ्याला किंवा व्हायरसला दोष देतात आणि फाइल डिलीट करतात. ही घाई नडते. त्या करड्या रंगाला कारण आहे, आणि ते समजलं तर फोटो परत मिळण्यासारखा आहे की नाही, याचा बराच अंदाज येतो.

बारा मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर फाइल ३६ एमबीची व्हायला हवी. प्रत्यक्षात जेपेग, म्हणजे फोटो दाबून साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारातली फाइल साधारण तीन ते पाच एमबीची असते. ही किमया मूळ बंगळुरूच्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ साली मांडलेल्या गणिताची. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा काढायची आणि त्या सरासरीभोवतीचे चढउतार ठळक ते बारीक अशा क्रमाने नोंदवायचे. अगदी बारीक चढउतार डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळपणे लिहिले किंवा गाळले तरी चालतं. १९९२ साली आलेलं जेपेगचं प्रमाण याच गणितावर उभं आहे.

आता बिघाडाकडे येऊ. नेहमीच्या जेपेगमध्ये हे चौकोन वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीने, एकापाठोपाठ एक लिहिलेले असतात. फाइल मध्येच तुटली, की फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे पुढच्या चौकोनांची माहितीच नसते. तिथे तो शून्य धरतो. जेपेगच्या हिशेबात शून्य म्हणजे काळा रंग नव्हे. ० ते २५५ या पट्टीच्या मधोमध असलेली १२८ ही छटा, म्हणजेच करडा. खालचा सपाट करडा भाग त्यामुळे एवढंच सांगतो, की तिथली माहिती इथवर पोचलेली नाही. कॉपी सुरू असताना केबल हलली, किंवा ‘इजेक्ट’ न करता पेन ड्राइव्ह ओढून काढला, की असं होतं, कारण कॉम्प्युटर काही वेळा लिहायचा मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. अशा वेळी मूळ कार्डावरची फाइल पुष्कळदा शाबूत असते. म्हणून कार्ड पुसण्याआधी फोटो उघडून बघावेत. माझं तर ठाम मत आहे, की फोटो हलवताना ‘कट’ वापरूच नये. कॉपी करावं, तपासावं आणि मगच कार्ड रिकामं करावं.

दुसरा बिघाड दिसायला याहून चमत्कारिक. फोटोत एका ठिकाणापासून पुढे सगळ्यावर गुलाबी किंवा हिरवी झाक येते आणि चित्र आडवं सरकल्यासारखं दिसतं. इथे फाइलची लांबी बरोबर असते, पण आतला एखादा बाइट बदललेला असतो. चौकोनाची सरासरी छटा स्वतंत्रपणे लिहिलेली नसते, आधीच्या चौकोनापेक्षा ती किती कमी-जास्त एवढंच लिहिलेलं असतं. हिशेबाच्या वहीत एका दिवसाची शिल्लक चुकली, की पुढच्या सगळ्या शिलका चुकत जातात, तसंच हे. शिवाय हे आकडे कमी-जास्त लांबीच्या संकेतांत लिहिलेले असतात. एक बिट बदलला, की एक संकेत कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याचा मेळ तुटतो. पुढे तो जुळला, तरी दरम्यान काही चौकोन गळालेले किंवा वाढलेले असतात, म्हणून चित्र सरकतं. एकाच कार्डावरच्या अनेक फोटोंना असं होऊ लागलं, तर ते कार्ड त्या दिवसापासून वापरणं बंद करावं.

फोल्डरमध्ये छोटं चित्र व्यवस्थित दिसतं आणि उघडल्यावर फोटो मोडका निघतो, हे कोडंही अनेकांना पडतं. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच फोटोची एक लहानशी प्रत, म्हणजे थंबनेल, वेगळी ठेवलेली असते. ती बहुधा १६० बाय १२० ठिपक्यांची असते. फोल्डरमध्ये पुष्कळदा तीच दिसते, किंवा कॉम्प्युटरने पूर्वी कधी तरी बनवून ठेवलेलं चित्र दिसतं. थंबनेल चांगलं दिसतंय म्हणून फोटो चांगला आहे, असं समजू नये. मात्र मूळ फोटो खरोखरच गेला असेल, तर ती इवलीशी प्रत तरी बाहेर काढता येते. फोटोतला माणूस हयात नसेल, तर तिचंही मोल मोठं असतं.

फोटो अजिबातच उघडत नसेल, तर फाइलची एक प्रत करून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडून बघा, पण काहीही सेव्ह करू नका. पडद्यावर अगम्य चिन्हं येतील. त्यांच्या सुरुवातीलाच रोमन लिपीत ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ अशी अक्षरं दिसली, तर फाइलचा माथा, म्हणजे फोटो कसा वाचायचा हे सांगणारा सुरुवातीचा भाग, शाबूत आहे. ‘पीएनजी’ किंवा ‘एचईआयसी’ अशी फोटोच्या दुसऱ्या प्रकारांची नावं दिसली, तर फाइल ठीक असू शकते, तिच्या नावापुढचं शेपूट तेवढं चुकीचं आहे. आयफोन २०१७ पासून एचईआयसी प्रकारात फोटो साठवू लागले. त्या फाइलच्या नावापुढे नुसतं ‘जेपीजी’ लिहिल्याने ती जेपेग होत नाही, त्यासाठी फोटोच्या प्रोग्राममधून एक्सपोर्ट करावं लागतं. अक्षरांऐवजी सगळीकडे रिकामी जागाच दिसत असेल, तर आत फक्त शून्यं भरलेली आहेत. कॉम्प्युटरने जागा राखली, पण मजकूर कधी उतरलाच नाही. अशी फाइल कुठलाही प्रोग्राम दुरुस्त करू शकत नाही. फक्त माथा बिघडला असेल तर मात्र आशा असते. त्याच कॅमेऱ्यातून, त्याच सेटिंगवर काढलेल्या दुसऱ्या फोटोचा माथा जोडून चित्र उभं करता येतं.

चुकून डिलीट झालेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. फॅट३२ या, फाइलींची यादी ठेवण्याच्या रूढ पद्धतीच्या कार्डावर फाइल डिलीट केली, की यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर एका ठरावीक खुणेने बदललं जातं आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. फोटो तिथेच पडून असतो, नवं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे डिलीट झाल्याचं लक्षात येताच त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढायचा नाही. फोटोरेकसारखे मोफत प्रोग्राम यादीकडे न बघता सगळं कार्ड वाचत जातात आणि जेपेगच्या सुरुवातीची खूण, म्हणजे एफएफ डी८ हे दोन बाइट, दिसली की तिथून फाइल उचलतात. सापडलेले फोटो नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत, त्याच कार्डावर नाही. कॉम्प्युटरच्या एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र ही आशा फारशी धरू नये. तिथे मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच काही वेळाने पुसून टाकते.

असे परत मिळालेले फोटो नावं हरवून येतात, पण तारीख सहसा हरवत नाही, कारण ती फाइलच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते. कॅमेरा, शटरचा वेग, फोटो उभा की आडवा, काही वेळा जागेचे अक्षांश-रेखांशही तिथेच असतात. तारखांचा घोळ होतो तो ही नोंद सोडून बाहेरच्या तारखा बघितल्यामुळे. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली, की ‘तयार झाल्याची’ तारीख आजची लागते आणि ‘बदलल्याची’ जुनीच राहते, म्हणून बदल आधी आणि निर्मिती नंतर असं विचित्र चित्र दिसतं. फोल्डर ‘डेट टेकन’प्रमाणे लावलं, की क्रम बहुतेक वेळा जुळतो. कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलं असेल, तर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम सगळ्या फोटोंच्या वेळा एकसारख्या अंतराने पुढे-मागे सरकवतो, आणि जुनी फाइलही शेजारी ठेवतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांत मात्र ही नोंद गाळलेली असते आणि चित्रही पुन्हा दाबून लहान केलेलं असतं. मूळ फोटो हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

नावांचाही सापळा आहे. कॅमेरे फाइलला चार अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ असा आकडा देतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. दोन वेगवेगळे फोटो एकाच नावाने एका फोल्डरमध्ये येऊ लागले आणि ‘रिप्लेस’वर क्लिक झालं, की जुना फोटो गेला. नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि वेळ घातली, तर ही टक्कर जवळजवळ टळते.

बॅकअपसाठी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम पुरेसा आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडशी सिंक म्हणजे बॅकअप असं मात्र धरू नका, कारण इथे डिलीट झालेला फोटो तिथूनही डिलीट होतो. प्रत मूळ फाइलसारखीच उतरली का, हे बघायला हॅश वापरतात. फाइलमधल्या सगळ्या बाइटवरून काढलेला हा सहसा ६४ अंक-अक्षरांचा ठसा एक बिट बदलला तरी पूर्ण वेगळा येतो. तो काढण्याची सोय विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत आधीपासूनच आहे. ठशांची यादी फोटोंशेजारी ठेवली, की काही वर्षांनी पुन्हा ठसे काढून कुठला फोटो बिघडला ते कळतं आणि दुसऱ्या प्रतीवरून तो बदलता येतो. फक्त तारखांची दुरुस्ती आधी उरकून घ्यावी, यादी नंतर करावी. एक्झिफमधला एक आकडा बदलला तरी ठसा बदलतो, आणि मग पुढच्या तपासणीत धडधाकट फोटोही बिघडलेला म्हणून दिसेल.