जीव टांगणीला : मालिकेतला आणि मालिकेबाहेरचा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आसपासच्या बंगल्यांत आणि स्टुडिओंत मालिकांची चित्रीकरणं चालतात. तिथं जवळजवळ रोज एक ठरलेलं काम असतं. सून दारात उभी, हातात हॉस्पिटलच्या रिपोर्टचं पाकीट. तिनं ते उघडायचं, वाचायचं आणि वर बघायचं. मॉनिटरमागून आवाज येतो, "बघ... अजून बघ... होल्ड." मग कॅमेरा सासूकडे, दिराकडे, स्वयंपाकघराच्या दारातल्या मावशींकडे. प्रत्येकाचा 'लुक' वेगळा घ्यायचा. पाकिटातला कागद बहुधा कोरा असतो. त्यात काय लिहिलंय हे कित्येकदा त्या नटीलाही ठाऊक नसतं, कारण पुढचा सीन लेखकाकडून अजून यायचाय. युनिटमध्ये याला 'हुक' म्हणतात. मालिका सोमवार ते शनिवार असेल तर शनिवारचा हुक जास्त दणकट लागतो, कारण मध्ये रविवार पडतो.

हुकाची ताकद पाकिटातल्या मजकुरात फारशी नसते, मधल्या रविवारात असते. थांबायचं कुठं आणि किती वेळ हे कोण ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे. गोष्ट टांगून ठेवण्याचा इतिहास बघायचा तर तो या मधल्या वेळेचाच बघावा लागतो.

आपल्याकडे ही युक्ती फार जुनी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या गोष्टी आहेत, त्याच पुढे वेताळपंचविशी म्हणून घरोघरी गेल्या. त्यातली रचना बघण्यासारखी आहे. वेताळ गोष्ट पुरी सांगतो, अर्धी सोडत नाही. टांगतो तो प्रश्न. राजाला उत्तर माहीत असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर. म्हणजे उत्तर मिळालं की गोष्ट संपायच्या ऐवजी नव्यानं सुरू होते. शेवटच्या प्रश्नाला राजाकडे उत्तरच नसतं, तो खरोखर गप्प राहतो, आणि तेव्हाच हे चक्र थांबतं. हजार भागांच्या मालिकेचं यंत्र इतकं नेटकं पुन्हा कुणी बांधलेलं मला तरी दिसलेलं नाही.

पण त्याच परंपरेत उलटा विचारही आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांत आजही होतं. त्याची प्रचलित विभागणी अशी: पहिल्या दिवशी ९व्या अध्यायापर्यंत, मग २१, २९, ३५, ३८, ४३ आणि शेवटच्या दिवशी उरलेली पोथी. हे आकडे असमान का, असं लहानपणी अनेकांना वाटलेलं असतं. आता मजकूर बघा. २०व्या अध्यायात एका बाईचं मूल दगावतं आणि २१व्यात ते जिवंत होतं. दुसरा दिवस बरोबर तिथं संपतो. ३०व्या अध्यायात माहूरचा क्षयरोगी तरुण गाणगापूरला येऊन वेशीवरच प्राण सोडतो, ३२व्यात उठून बसतो. हे तीनही अध्याय चौथ्या दिवसाच्या पोटात येतात. वाचणाऱ्यानं घरात प्रेत ठेवून पोथी गुंडाळायची नाही, अशीच जणू ही आखणी आहे. हे निव्वळ योगायोगानं झालं असेल असं मला वाटत नाही. आजच्या वाहिनीला हीच पोथी मिळाली असती तर शनिवार कुठं संपला असता, हे सांगायला नको.

ही सभ्यता छापखाना आल्यावर सुटली. नियतकालिकाचा पुढचा अंक खपायला हवा, म्हणून गोष्ट अडवून धरायची. इंग्लंडात डिकन्सनं १८३०-४०च्या दशकांत हप्त्याहप्त्यानं कादंबऱ्या लिहिल्या. मराठीत हरि नारायण आपटे यांनी १८९०मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः छापल्या. वाचकाचा आठवडा आता संपादकाच्या ताब्यात आला.

दूरचित्रवाणीवर या खेळाचा कळस गाठला तो अमेरिकेतल्या 'डॅलस' मालिकेनं. २१ मार्च १९८० रोजी हंगामाचा शेवटचा भाग लागला आणि त्यात जे. आर. युइंग या खलनायकावर कुणीतरी गोळ्या झाडल्या. कुणी, ते दाखवलं नाही. उत्तर नेहमीप्रमाणे शरद ऋतूच्या सुरुवातीला मिळायचं, पण त्या वर्षी हॉलिवूडच्या कलाकारांचा संप झाला आणि प्रतीक्षा लांबली. ब्रिटनमधल्या बुकींनी पैजा घेतल्या. गुपित फुटू नये म्हणून एकापेक्षा जास्त पात्रांना गोळी झाडताना चित्रित करून ठेवलं होतं. २१ नोव्हेंबरला उत्तर आलं, जे.आर.ची मेहुणी क्रिस्टिन. अमेरिकेतच सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं. ती मेहुणी आज कुणाच्या लक्षात नाही. ते आठ महिने मात्र लक्षात राहिले, आणि त्यातला काही भाग लेखकांनी नव्हे, संपकऱ्यांनी लिहिलेला होता.

आपल्याकडे ७ जुलै १९८४ला 'हम लोग' सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, म्हणजे हुकावर लगेच फुंकर घालायला घरातलं वडीलधारं माणूस हजर. 'रामायण' आणि 'महाभारत' यांत तर टांगायला काहीच नव्हतं, पुढं काय होणार हे सगळ्यांना पाठ. तरी रविवारी सकाळी नौपाड्यापासून कळव्यापर्यंत ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. द्रौपदीला सभेत ओढून आणलं की पुढचे सात दिवस लोक अस्वस्थ असत, आणि कृष्ण येणार हे त्यांना माहीत असे. उत्कंठेला अज्ञान लागतंच असं नाही. कीर्तनकारांना हे केव्हाचं ठाऊक आहे.

मग दैनंदिन मालिका आल्या आणि आठवड्याचा दिवस झाला. मराठीत 'दामिनी', मग १९९९मध्ये 'आभाळमाया'. हिंदीत ३ जुलै २००० रोजी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. तिच्यात मिहिर विराणीला मारलं तेव्हा प्रेक्षकांचा इतका संताप झाला की त्याला परत आणावं लागलं. हा प्रसंग वळणाचा ठरला. तोपर्यंत पडद्यावरचा मृत्यू हा मृत्यू असे. त्यानंतर कुणीच त्यावर विश्वास ठेवेना. दरीत गाडी कोसळली, प्रेत सापडलं नाही, म्हणजे माणूस तीन महिन्यांनी स्मृती हरवून किंवा नवा चेहरा घेऊन येणार, हे ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात शाळकरी मुलगीही सांगेल. रोज रात्री जीव टांगायचा म्हटल्यावर रोज सकाळी तो उतरवूनही ठेवावा लागतो. लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. जाहिरातीच्या प्रत्येक ब्रेकआधी एक छोटा हुक, शेवटी मोठा, वर आठवड्याच्या टीआरपीची टांगती तलवार. त्यात कलाकार गायमुखच्या कोंडीत अडकला की हुक दुसऱ्याच पात्रावर घ्यावा लागतो, असं युनिटमधली मंडळी हसत सांगतात.

कटप्पानं बाहुबलीला का मारलं, हा प्रश्न जुलै २०१५ ते एप्रिल २०१७ असा पावणेदोन वर्षं चालला. मालिकांना न परवडणारी सवड सिनेमाला परवडली, एवढंच.

मालिकांची ही सवय बातम्यांना कधी लागली ते नेमकं दाखवता येतं. जुलै २००६मध्ये हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात पाच वर्षांचा मुलगा बोअरवेलच्या सुमारे ६० फूट खोल खड्ड्यात पडला. लष्करानं शेजारून भुयार खणून त्याला काढेपर्यंत जवळजवळ पन्नास तास लागले आणि वाहिन्या तिथून हलल्याच नाहीत. "कुठेही जाऊ नका, ब्रेकनंतर लगेच" हे वाक्य जिवंत मुलाबद्दल बोललं गेलं. मूल सुखरूप निघालं म्हणून ते खपून गेलं.

ठाणेकरांना टांगणीचा सगळ्यात मोठा अनुभव दिला तो जून २०२२नं. विधान परिषदेचा निकाल लागला त्या २० तारखेच्या रात्री कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे समर्थकांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. पुढचे दहा दिवस रोज नवा आकडा, नवं हॉटेल, नवं पत्र. लांबत चाललेल्या मालिकेला विनोदी उपकथानक लागतं, तर तेही "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" या फोनसंभाषणानं पुरवलं. २९ला रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा जाहीर केला. ३०ला दुपारपर्यंत सगळे देवेंद्र फडणवीसांच्या शपथविधीची वाट बघत होते. त्यांनीच शिंदे यांचं नाव मुख्यमंत्री म्हणून जाहीर केलं, स्वतः बाहेर राहणार म्हणाले, आणि संध्याकाळी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. एका भागात तीन कलाटण्या. पटकथेत लिहिलं असतं तर वाहिनीनं "फार होतंय" म्हणून परत पाठवलं असतं.

खाडीपलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. पावसानं ती दोन तास उशिरा सुरू झाली. भारताच्या २९८ धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक करून उभी. ४२व्या षटकात दीप्ती शर्माला तिनं उंच मारलं. खाली अमनजोत कौर. चेंडू हातातून निसटला, पुन्हा उडाला, तिसऱ्या खेपेला सापडला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. भारत ५२ धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. ते दोन-तीन सेकंद ना कुणी विकत घेतलेले होते, ना कुणी लांबवलेले.

सर्वात लांब टांगणीचा मान मात्र नवी मुंबईच्या मेट्रोला द्यावा लागेल. बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, सुमारे ११ किलोमीटर. भूमिपूजन २०११मध्ये. खारघर-तळोज्यात घर घेणाऱ्या किती जणांना बिल्डरच्या माणसानं गॅलरीतून खांब दाखवले असतील. खांबांनंतर रूळ, रुळांनंतर चाचण्या, चाचण्यांनंतर उद्घाटनाच्या तारखा. अखेर १७ नोव्हेंबर २०२३ला, एका शुक्रवारी, औपचारिक उद्घाटनाशिवायच गाडी सुरू झाली. साडेबारा वर्षांनी शेवटचा भाग लागला आणि त्यात ना प्रमुख पाहुणे, ना फीत, ना एकही 'लुक'. लोकांनी तिकीट काढलं आणि ते बसले.