मूसचे आकारमान आणि मूसची संख्या: शिकारीच्या हंगामातील एक जुनी गल्लत

अलास्का, कॅनडा, स्वीडन किंवा नॉर्वे येथे सप्टेंबर उजाडला आणि मूसच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला, की दोन प्रकारचे तर्क सहज केले जातात. नर दांडगे मिळाले तर जंगलात मूस भरपूर असणार, असे एक मत. आणि मूस दृष्टीस पडेनासे झाले तर त्यांची संख्या घटली असणार, असे दुसरे. दोन्ही तर्कांत जनावराचे आकारमान, त्यांची संख्या आणि त्यांचे दिसणे या तीन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. (मराठीत मूस म्हणजे सोनाराचे धातू वितळवण्याचे पात्र, हा मूस मात्र हरिणकुळातील जगातला सर्वांत मोठा प्राणी. युरोपात त्यालाच एल्क म्हणतात आणि उत्तर अमेरिकेत एल्क हे वेगळ्याच हरणाचे नाव आहे. पण ती गल्लत नुसती नावाची आहे.)

आधी आकारमान पाहू. अलास्कातील पूर्ण वाढलेला नर ७०० किलोंपर्यंत भरू शकतो, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या सांबराच्या दुपटीहून अधिक. या आकारमानामागे पहिले कारण वय. नराची शिंगे दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात नव्याने वाढतात. ऐन उमेदीच्या वयापर्यंत ती वर्षागणिक अधिक रुंद होत जातात. दुसरे कारण अन्न: विलो, भूर्ज यांच्या कोवळ्या डहाळ्या आणि पाला किती मिळाला, आणि पाडस पोटात असताना त्याच्या आईला किती मिळाला होता. तिसरे हवामान: स्वीडनच्या उत्तरेकडील मूस दक्षिणेकडील मूसहून सरासरीने जड असतात. याखेरीज एक कारण असे आहे, की ज्याचा जनावराच्या प्रकृतीशी काहीच संबंध नाही, ते म्हणजे शिकारीची तारीख. सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या आरंभी माजाच्या काळात नर खाणे जवळजवळ सोडतो आणि आपल्या वजनाचा सहावा-पाचवा हिस्सा गमावतो. उत्तर स्वीडनमध्ये शिकार सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते, माजाच्या दिवसांत थांबते आणि पुढे पुन्हा सुरू होते. तेव्हा त्या विरामाच्या अलीकडे तोललेला नर आणि पलीकडे तोललेला नर यांची तुलना करणे म्हणजे एकाच माणसाचे उपवासाआधीचे आणि उपवासानंतरचे वजन ही दोन माणसांची वजने मानण्यासारखे आहे.

संख्येचा हिशेब वेगळ्या वहीत लिहावा लागतो. संख्या मुख्यतः माद्यांवर आणि पाडसांवर चालते: किती माद्या जगल्या, किती जणींना जुळी झाली, आणि लांडगे, अस्वले व हिवाळा यांतून किती पाडसे वाचली. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्यामुळे काही प्रमाणात नर मारले गेले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांची संख्या फारशी ढळत नाही. मर्यादा अर्थातच आहे; नॉर्वेच्या वेगा बेटावरील प्रयोगात प्रौढ नरांचे प्रमाण घटवल्यावर पाडसे उशिरा जन्मू लागली. उलट बाजूचे उदाहरण स्वीडनचे. सरसकट जंगलतोडीनंतर उगवलेल्या कोवळ्या झाडोऱ्यामुळे तेथे खाद्य वाढले, लांडगे जवळपास नव्हतेच, आणि शिकारीचा रोख वीणक्षम माद्यांऐवजी पाडसांकडे वळवण्यात आला. परिणामी मूस इतके वाढले, की १९८२ मध्ये एका वर्षात सुमारे १,७४,००० मूस मारले गेले.

आता दोन्ही वह्या जेथे एकमेकींना छेदतात ते स्थळ. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचे अन्न घटते आणि अंगाने जनावर लहान होत जाते, म्हणजे दोन्ही गोष्टी पुष्कळदा उलट दिशेने चालतात. अमेरिका-कॅनडा सीमेवरील सुपीरियर सरोवरातील आइल रोयाल बेटावर मूसची शिकार मुळीच होत नाही आणि तेथील मूस-लांडग्यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. १९९५ मध्ये तेथे सुमारे २,४०० मूस होते. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात ते ५०० च्या आसपास उरले. त्याच बेटावर गेल्या काही दशकांत मूसच्या कवट्याही लहान होत गेल्या, आणि ज्यांचा पहिला हिवाळा उबदार गेला त्यांच्या कवट्या विशेष लहान निघाल्या. शिकारी मोठे नर टिपतात म्हणून मूस खुजे होतात, हे एकच स्पष्टीकरण सर्वत्र लावणाऱ्यांनी हे बेट ध्यानात घ्यावे. अलास्कात फेअरबँक्स शहराच्या दक्षिणेस तर दाटी इतकी झाली, की माद्यांना जुळी क्वचितच होऊ लागली. तेथे २००४ पासून माद्यांच्या शिकारीची मुभा वाढवण्यात आली. संख्या कमी करून उरलेल्यांची प्रकृती सुधारावी, हा विचार ऐकायला विपरीत वाटला तरी हिशेबाला धरून आहे.

मात्र उलट दिशेचा हा नियम अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन राज्यात मोडतो. बर्फ उशिरा पडू लागल्याने हिवाळी गोचिडांना शरद ऋतूत मूसच्या अंगावर चढायला अधिक दिवस मिळतात. एकेका मूसवर हजारो, कधी दहा हजारांवर गोचिडी असतात. पाडसे रक्तक्षयाने मरतात, माद्या रोडावतात, त्यांना पिल्ले कमी होतात. अंग आणि संख्या दोन्ही एकदम खाली येतात. २०२१ मध्ये त्या राज्याच्या उत्तरेकडील एका भागात मुद्दाम जास्त माद्या मारण्याचा प्रयोग सुरू झाला, कारण मूस विरळ झाले तर गोचिडींनाही आश्रय कमी मिळेल, अशी अपेक्षा होती.

शिकाऱ्याच्या हाती लागलेली जनावरे ही जंगलाचा सरळ नमुना नसतात, हेही विसरले जाते. अलास्काच्या कीनाय द्वीपकल्पात १९८७ पासून अगदी कोवळ्या शिंगांचे किंवा किमान ५० इंच पसाऱ्याच्या शिंगांचे नर मारण्याचा नियम लागू झाला. मधल्या वयाचे नर त्यामुळे वाचतात आणि शिकारीच्या नोंदीत दिसतच नाहीत. उन्हाचेही तसेच. मूसला उन्हाळ्यात सुमारे १४ अंश सेल्सियसच्या वर उष्णतेचा ताण जाणवू लागतो, आणि दाट हिवाळी केस आल्यावर तर उणे ५ अंशांच्या वरही. हंगाम उबदार गेला तर तो दिवसभर सावलीत बसून राहतो. शिकारी रिकाम्या हाताने परततो, संख्या मात्र जिथल्या तिथे असते.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत प्रामाणिक आकडा पाडसाच्या वजनाचा आहे. ते मे-जूनमध्ये जन्मलेले असते, त्यामुळे त्याचे वय ठाऊक असते. शिंगांचा नियम त्याला लागत नाही आणि माजाचा उपवासही त्याला घडत नाही. त्या वजनातून कळते ते खाद्याबद्दल. संख्येसाठी स्वीडनमध्ये शिकाऱ्यांनी किती तासांत किती मूस पाहिले याची नोंद ठेवली जाते, तर अलास्कात बर्फ पडण्याची वाट पाहून विमानातून मोजणी होते. ती मोजणी हिवाळ्याच्या आरंभी, नरांची शिंगे गळण्यापूर्वी उरकावी लागते, कारण त्यानंतर वरून पाहणाऱ्याला नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे अवघड होऊन बसते.